रत्नमालेच्या पोटावरची पिशवी

मी एक जुनी, लाल रबराची, शेकायची पिशवी आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझ्यात उकळतं पाणी खूप ओतलं गेलं, पण माझं डोकं तापलं ते माणसांमुळे.

कारखान्यात मला साच्यात दाबून घडवलं. हवा भरून पाण्यात बुडवलं आणि कुठे गळत नाही ना, ते नीट पाहिलं. एवढी नीट तपासणी पुढे मी फार कमी ठिकाणी पाहिली. मग खोक्यात बसून साकोलीच्या एका मेडिकलमध्ये आले. तिथून धर्मेंद्रने मला उचललं आणि आपल्या गावी, एकोडीला नेलं.

धर्मेंद्रची बायको रत्नमाला. जेवण झालं की तिचं पोट फुगायचं, मुरडा यायचा, दिवसभर परसाकडे पळापळ. मग ती मला पोटावर धरून भिंतीला टेकून बसायची. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. तिचं पोट आतून कसं गुरगुरतं हे मला जेवढं ठाऊक होतं, तेवढं घरात कुणालाच नव्हतं. पण मला विचारतो कोण?

सासू पंचफुलाबाई वाईट नव्हती. हेच तर वाईट झालं! हा सगळा धानाचा मुलूख. घरात सारे दोन्ही वेळा भात खायचे. गव्हाची पोळी पाहुण्यासाठी, नाहीतर आजाऱ्यासाठी. भात थंड, भाताने पोट फुगते, असं पंचफुलाबाईचं ठाम मत. म्हणून ती रत्नमालेच्या ताटात भाताचं शीतसुद्धा पडू द्यायची नाही. सकाळी चहात बुडवून बिस्किटं, दोन्ही वेळा गरम गरम पोळ्या. स्वतः भात खायची आणि सुनेसाठी चुलीपुढे वेगळी बसायची.

डॉक्टर तरी काय वेगळे! एकाने गॅस म्हटलं, एकाने जंत. तिसऱ्याने रक्त कमी आहे म्हणून सलाईन चढवलं. रक्त कमी का झालं, हे विचारायला त्याला फुरसत नव्हती. भात बंद करा, हलकं खा, हे मात्र सगळ्यांनीच सांगितलं. शेवटच्याने रिपोर्ट चाळले, टेन्शन आहे म्हणाला आणि झोपेची गोळी लिहून दिली. निघताना प्रत्येकजण म्हणायचा, पिशवीने शेकत जा, बरं वाटेल. झालं, माझं कौतुक सुरू! शेजारच्या बाया मला हातात घेऊन बघायच्या. मला त्या कौतुकाची चीड यायची. मी नुसती कातडी गरम करत होते.

एका वर्षी पावसाळ्यात रत्नमाला रोवणीला माहेरी गेली, लाखांदूरकडे. भावाला धानाची रोपं लावायला माणसं मिळत नव्हती. तिनं मला सोबत नेलं. तिथे तिच्यासाठी वेगळं रांधायला कुणाला वेळ नव्हता. सकाळी भात, दुपारी बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, भात, रात्री भात आणि बोडीतल्या, म्हणजे शेततळ्यातल्या, मासोळ्यांचा रस्सा. काही दिवसांत तिचं पोट शांत झालं. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करायची आणि रात्री गाढ झोपायची. मी कपड्यांच्या बॅगेत पडून होते. आयुष्यातले तेवढेच दिवस मी सुखात काढले.

रोवणी आटोपली, ती सासरी परतली. पंचफुलाबाईने कौतुकाने तूप लावून पोळ्या वाढल्या आणि माझी नोकरी पुन्हा सुरू झाली. आता धर्मेंद्रच्या मोठ्या बहिणीला, कुंताबाईला, आयतंच निमित्त सापडलं. माहेरी चिखल तुडवते आणि सासरी हिचं पोट दुखते, नाटकं आहेत सगळी, असं ती घरभर सांगत सुटली. धर्मेंद्रही फुगून बसला. शेवटी त्याने सांगितलं, नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला एकदा दाखवू. तिथेही काही निघालं नाही, तर माहेरीच राहा. मला तोंड आहे, मित्रांनो, पण त्याला बूच आहे. नसतं तर त्या दिवशी मी सगळ्यांना पोळून काढलं असतं.

नागपूरला जाताना ती एसटीत मला पोटाशी धरून बसली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलटले आणि विचारलं, सासूशी पटतं ना? रत्नमालेने मला उचललं आणि टेबलावर आपटलं. माझं बूच उडालं, कागद ओले झाले.

"मले झोपेची गोळी नोको," ती म्हणाली. "माह्या पोटात काय हाये, त्याचं नाव पायजे. माहेरी बरी होती. तिथं खरी होती, अन् इथं खोटी झाली काय?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. माहेरी काय खात होती, ते विचारलं. भात, ती म्हणाली. आणि सासरी? उत्तर धर्मेंद्रने दिलं, तेही छाती फुगवून. भात आम्ही कधीचाच बंद केला, आई तिले पोळीच देते!

बाईंनी रक्त तपासायला पाठवलं. मग सांगितलं, हा सिलिअ‍ॅक नावाचा आजार वाटतो. गव्हाने आतड्याला इजा होते. पण तोंडातून नळी घालून आतडं पाहिल्याशिवाय पक्कं म्हणता येणार नाही आणि तोवर गहू सोडायचा नाही, नाहीतर तपासणीत काही दिसायचं नाही.

घरी आल्यावर हे ऐकून पंचफुलाबाईने पोळपाट-लाटणं उचलून माळ्यावर टाकलं. मी आता हिला पोळी देणार नाही, म्हणाली. रत्नमालेने ते खाली काढलं, स्वतः कणीक मळली आणि सगळ्यांसमोर बसून एकेक घास गिळला. तपासणीपर्यंत रोज. प्रत्येक जेवणानंतर मला पोटावर घेऊन पडून राहायची. धर्मेंद्र पाणी तापवून द्यायचा आणि तिच्याकडे बघायचा नाही.

नळीच्या तपासणीत तेच निघालं. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव कागदावर लिहून तिच्या हातात दिलं आणि गहू जन्मभरासाठी बंद केला.

मित्रांनो, आता मी खुंटीला टांगलेली आहे. रबर चिरत चाललं आहे. माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. फाटू द्या मला. पण घरात कुणी पोट धरून बसलं, तर माझ्यात पाणी भरून मोकळे होऊ नका. आधी तिच्याजवळ बसा आणि ती काय सांगते ते पुरतं ऐका.

आणि हो, नळीच्या तपासणीचा रिपोर्ट आला त्या दिवशी पंचफुलाबाईने रत्नमालेच्या ताटात भात वाढला आणि तिथेच रडायला बसली. "मीनंच तुले जहर चारलं, रत्ना."

"तुमाले मालूम नोहतं, आई," रत्नमाला म्हणाली. "त्याचा राग नाही मले. कुंताबाई मले खोटी म्हने, तवा तुमी गप बसल्या. तो राग हाये, अन् तो राहीन."

मग तिनं भात कालवला आणि जेवायला लागली.