सगळ्या बाह्या डाव्या

शिलाईच्या कारखान्यातली सगळी मशीनं बंद होती आणि झाडून सारे कामगार भिंतीला पाठ लावून उभे होते. मधल्या मोकळ्या जागेत, डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेले नाडीबाबा मालकांचं मनगट धरून फिरत होते. दोन पावलं पुढे, एक मागे, नाकातून सूं सूं.

"मनातलं लपवाल, नाडीतलं कुठं लपवाल?" बाबा गरजले. "रक्ताला खोटं बोलता येत नाही! नाडी बोलते, मी नुसता चालतो!"

दाराशी उभ्या डॉक्टरीणबाईंना हसावं की रडावं कळेना. रक्त इतकं बोलकं असतं, तर इतकी वर्षं आपण उगाच लोकांना सुया टोचल्या म्हणायच्या! त्या आठवड्यातून एकदा कामगारांना तपासायला येत, आणि आज नेमक्या या तमाशात सापडल्या होत्या.

झालं होतं असं. कापड कापायला पसरताना एक थर सुलटा, त्यावरचा उलटा टाकायचा असतो. मग एकाच कापणीत डाव्या-उजव्या बाह्यांची जोडी निघते. कुणीतरी सगळेच थर सुलटे टाकले आणि कोटांच्या सगळ्या बाह्या डाव्या निघाल्या. कापड कुणी पसरलं, ते कुणी कबूल करेना. मालकांनी सरळ चौकशी करायची सोडून बाबांना बोलावलं. बाबांनी आल्याआल्या मालकांनी लपवलेली कात्री शोधून दाखवली, मग काय विचारता! भल्याभल्यांनी हात जोडले.

बाबा थबकले. समोर कटिंगची जुनी कारागीर, आक्का. उजवा हात पोटाशी घट्ट धरलेला, मान खाली.

"हीच!"

"मला वाटलंच होतं," मालक उसळले. "सकाळपासून नजर चुकवतेय. आक्का, सामान उचल आणि नीघ!"

डॉक्टरीणबाईंना खरं कारण ठाऊक होतं. आक्काचा खांदा जखडला होता. 'बाई, मालकांना कळू देऊ नका, घरी बसवतील. घरात मी एकटीच कमावती आहे,' असं ती मागच्याच खेपेला रडत म्हणाली होती. तो खांदा घेऊन कापड पसरणं शक्यच नव्हतं. एका वाक्यात तिची सुटका झाली असती, आणि त्याच वाक्यानं नोकरीही गेली असती. आक्कानं त्यांच्याकडे पाहून हळूच मान हलवली. सांगू नका.

"थांबा मालक!" बाई पुढे झाल्या. "बाबांची विद्या मलाही एकदा बघू द्या. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा. मालक, तुम्हीसुद्धा."

त्यांनी कात्री लपवली. आता ती कुठं आहे, ते त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. स्वतः त्या दाराबाहेर गेल्या. बाबांनी पुन्हा मालकांचं मनगट धरलं. इकडे गेले, तिकडे गेले, टेबलाचा कोपरा मांडीला लागला तसे कळवळले.

"इथं अशुभ सावली आहे!"

"मघाशी रजेवर होती का ती सावली?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं फिस्सकन हसले.

बाईंनी आत येऊन बाबांची पट्टी मागून घेतली, स्वतःच्या डोळ्यांवर बांधली आणि मालकांचं मनगट धरलं. "इथल्या कुणाही एकाला मनात धरा. बोलू नका." त्या सावकाश चालल्या, अडल्या, वळल्या आणि म्हाताऱ्या पहारेकऱ्यापुढे थांबल्या.

"अरेच्चा! बरोबर!" मालक दचकले.

"मालक, मनात असतं तिकडे हात सैल जातो, उलट्या दिशेला अडतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही. शिवाय जवळ पोचलं की अख्खी खोली श्वास रोखते. मघाची कात्री कुठं होती ते तुम्हाला माहीत होतं, म्हणून सापडली; मी लपवलेली माहीत नव्हती, म्हणून नाही. आक्काचं तुम्हाला माहीत नव्हतं, नुसता संशय होता. बाबांनी तोच वाचला."

पण मालकांचा हट्ट सुटेना. "मग ही अशी अंग चोरून का उभी आहे? शेजारच्या मुकादमाकडे बघा, कसा छाती काढून उभा आहे! मनात पाप नसलं की माणूस असा दिसतो."

ते सांगणं बाईंच्या हातात नव्हतं. तेवढ्यात आक्काच बोलली, "मी सांगते."

तिनं उजवा हात उचलला. खांद्याच्या खालीच तो अडकला. चेहरा वेदनेनं पिळवटला.

"एवढाच वर जातो. मला पसरता येत नाही, म्हणून माझं काम मुकादमदादा करतो. त्यानं मला सांभाळलं, म्हणून मी सकाळपासून त्याचं नाव घेतलं नाही." मग ती त्याच्याकडे वळली. "पण दादा, मला हाकलत होते, तेव्हा तू का नाही रे बोललास?"

मुकादमाची छाती बसली. "मालक, मीच पसरलं. घाईत थर उलटायचा राहिला. भ्यायलो मी."

बाबा पट्टीसुद्धा न मागता केव्हाच पसार झाले होते.

"बरा होईल का खांदा?" मालकांनी खालच्या आवाजात विचारलं.

"वेळ लागेल, पण होईल."

"मग आक्का, तोवर तुम्ही तपासणीच्या टेबलावर बसा." एवढ्या वर्षांत मालक तिला पहिल्यांदाच अहो-जाहो करत होते.

बाईंनी काळी पट्टी केराच्या टोपलीत टाकली. "माणसाचं अंग बोलतं, हे खरं आहे," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "पण मान खाली दिसली की गुन्हेगार, छाती पुढे दिसली की साधू, असं परस्पर ठरवू नका. हात का धरलाय, ते त्या माणसाला विचारा. सकाळी आक्काला कुणी एकानं तरी विचारलं होतं का?"