जागा राखणारा खंड दुसरा

मित्रांनो, बोराम आणि सोल्ही शेवटी भेटल्या. मला मात्र कुणीही वाचले नाही.

झाले, शेवट सांगून टाकला. आता तो घडलाच नाही असे धरून चालू. तुम्हीही तसेच धरा. प्रार्थनेत शेजाऱ्याचे पोट गुरगुरले की आपण ते गुरगुरलेच नाही असे धरतो, तितपत प्रयत्न पुरे आहे.

मी एक जाडजूड, जुनाट आणि कोरा करकरीत ग्रंथ आहे. माझे पूर्ण नाव 'निवासमंडपाच्या मेखा : एक सविस्तर अभ्यास, खंड दुसरा'. इस्राएल लोक रानात भटकत होते तेव्हा त्यांनी देवासाठी एक तंबू उभारला होता. त्या तंबूच्या दोऱ्या ज्या खुंट्यांना बांधत, त्या मेखा. पवित्र शास्त्रात त्यांच्याविषयी फार थोडे सांगितले आहे. माझ्या लेखकाने ती उणीव भरून काढली. खंड पहिल्यात मेखा ठोकतात. माझ्यात उपटतात.

लेखक म्हणजे चर्चचे निवृत्त पाळक योमसाहेब. छापखान्याच्या मालकाने मला पहिल्यांदा हातात तोलले आणि म्हणाला, "पाळकसाहेब, हे डोक्यात पडलं तर माणूस जाईल."

"डोक्यात पडावं म्हणूनच लिहिलंय," पाळकसाहेब म्हणाले.

माझ्या आयुष्यातली ही पहिली स्तुती. तेव्हा मला बरे वाटले होते असे आठवते.

वोन्जू शहराच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी दर उन्हाळ्यात ख्रिस्ती मंडळ्यांची मोठी परिषद भरते. सभागृहावर पत्र्याचे छप्पर, आत घडीच्या खुर्च्या, बाहेर कापडी मांडवात पुस्तकांची दुकाने. त्यातल्या सगळ्यात कडेच्या दुकानात, शौचालयाकडे जायच्या वाटेवर, आम्ही दोघे खंड एका सुतळीने बांधून विकायला ठेवले होते. लोक आमच्यासमोर थांबत, पण ती रांग दुसऱ्या कशाची तरी असे.

तिथे बोराम आली. बोराम दिवसा दातांच्या दवाखान्यात फोन घेते आणि उरलेल्या वेळात पुस्तकांवर ब्लॉग लिहिते. सोबत सोल्ही होती, तिच्याहून वयाने मोठी, शाळेच्या ग्रंथालयात काम करणारी. ब्लॉग दोघींचा होता.

"ताई, हे बघ! मेखांवर दोन खंड!"

"एवढं कोण वाचणार?"

"आपण."

"आपण म्हणजे मी वाचणार आणि तू मुखपृष्ठाचा फोटो काढणार."

"फोटोलाही कष्ट पडतात गं."

सुतळी सुटली. सोल्हीने खंड पहिला घेतला, बोरामने मला उचलले. "तू पहिला वाच आणि मला दे," बोराम म्हणाली. "मेखा कुठं ठोकल्यात तेच ठाऊक नसेल तर त्या उपटताना मला काय कळणार?"

मित्रांनो, या एका तत्त्वापायी मी आजतागायत उघडला गेलेलो नाही. तत्त्व चुकीचे आहे असेही मला म्हणता येत नाही.

मात्र त्याच दुपारी मला नोकरी लागली. परिषदेत जेवणाची रांग लांब असते आणि परत येईपर्यंत चांगल्या खुर्च्या गेलेल्या असतात. म्हणून लोक खुर्चीवर पिशवी, टोपी, बायबल, काहीतरी ठेवून जातात. या दोघींनी आम्हाला ठेवले. परत आल्या तर दोन्ही खुर्च्या जशाच्या तशा.

"बायबल ठेवलं तर कुणीतरी उचलून वाचत बसतं," सोल्ही म्हणाली. "यांना कुणी हात लावला नाही."

ही दुसरी स्तुती. तिसरी अजून व्हायची आहे.

मग प्रार्थना सुरू झाली. आमच्याकडे सगळे उभे राहतात, तीनदा "प्रभू!" म्हणून ओरडतात आणि मग प्रत्येक जण आपापली प्रार्थना एकाच वेळी मोठ्याने सुरू करतो. पत्रे थरथरतात. माणसे रडतात, छाती बडवतात. आम्ही दोघे खंड खुर्च्यांखाली पाठीला पाठ लावून पडलो होतो आणि वर बोराम अन् सोल्ही खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. काही वर्षे असेच चालले.

एका वर्षी सोल्ही आली नाही.

भांडण झाले नव्हते. कुणी आजारी नव्हते. आधी तिची उत्तरे लहान झाली, मग नुसती संदेश वाचल्याची खूण उमटू लागली. बोराम एकटी आली. स्वतः एका खुर्चीवर बसली आणि शेजारच्या खुर्चीवर तिने मला ठेवले. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तसेच. त्याच्याही पुढच्या वर्षी. जेवायला जाण्यापुरती असलेली माझी नोकरी कायम झाली.

खुर्चीवरून मला बोराम नीट दिसे. सगळे ओरडत असताना ती तोंड उघडे आणि मिटे, पण आवाज नसे. डोळे कोरडे. ती छताकडे बघत पंखे मोजायची.

घरी मी तिच्या लॅपटॉपखाली राहत असे. मधून मधून नूडल्सच्या कपाचे झाकण दाबायला मला वर बोलावले जाई. पुस्तकप्रेमी माणसाच्या घरी पुस्तकाला कामाची कमतरता नसते. परिषदेहून परतली की ती माझ्या डोक्यावर टकटक करत ब्लॉग लिही : 'यंदाही परिषदेत हृदय पेटून उठले. अश्रू थांबत नव्हते.' लिहिताना ती नूडल्स खात असे. अश्रू सुरूच झाले नव्हते, तेव्हा थांबण्याचा प्रश्न नव्हता, पण माझे मत कुणी विचारले नाही.

"ताई वाचेल," ती कपाला सांगायची. "वाचून तिला यावंसं वाटेल."

तर यंदा.

यंदा परिषदेत एक नवा नियम निघाला : प्रभूच्या घरात जागा अडवून ठेवू नये. नियम पाळून घेण्यासाठी प्यो काकांना पिवळा पट्टा आणि एक हातगाडी देण्यात आली. प्यो काका मंडळीतले ज्येष्ठ सेवक. पूर्वी बसमध्ये तिकिटे तपासायचे. पट्टा अंगावर चढल्यापासून ते दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

"ही खुर्ची कुणाची?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"काका, भरलेली आहे," बोराम म्हणाली.

"पुस्तक बसलंय."

"माणूस वाटेत आहे."

"गेल्या वर्षीही वाटेतच होतं. चालत येतंय का?"

काकांनी मला उचलले. जडपणामुळे ते क्षणभर वाकले, आणि त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो परिषदेत चालत नाही. मी हातगाडीत पडलो. बोरामच्या शेजारी एक काकू पंखा हलवत येऊन बसल्या. बोरामने त्यांना हसून नमस्कार केला आणि मग छताकडे बघू लागली. या खेपेला ती मोजतही नव्हती.

मला हरवलेल्या वस्तूंच्या टेबलावर ठेवण्यात आले. तिथे छत्र्या होत्या, एक कवळी होती, आणि कवळीच्या पलीकडे खंड पहिला होता.

मी त्याला लगेच ओळखले नाही. माझी पाठ सरळ आहे. त्याची मोडली होती, कोपरे दुमडले होते. म्हणजे तो वाचला गेला होता. मला काही वाटले नाही. वाटलेही असेल, पण माझी पाने अजून एकमेकांना चिकटलेली असल्यामुळे ते आतपर्यंत पोहोचले नाही.

"तू इथे कसा?" मी विचारले.

"सोल्हीबरोबर, यंदाच आलो. ती डावीकडच्या दाराजवळ बसली आहे. शेजारच्या खुर्चीवर मला ठेवले होते."

"कुणासाठी?"

"बोरामसाठी."

"मग ती उठून बोरामकडे का जात नाही?"

"धीर होत नाही. जागा राखली की माणूस आपोआप येते, असे तिला वाटते."

"आमच्याकडेही हीच पद्धत आहे," मी म्हणालो.

मित्रांनो, एकाच छपराखाली दोन बायका एकमेकींसाठी जागा राखून बसल्या होत्या आणि दोन्ही जागा एकाच माणसाने एकाच हातगाडीत भरून नेल्या होत्या. हे त्यांना सांगायला आम्हाला तोंड नव्हते. टेबलावर तोंड असलेली वस्तू एकच होती, ती कवळी.

जेवणाच्या सुट्टीत प्यो काकांनी व्यासपीठावरचा माइक हाती घेतला. "'निवासमंडपाच्या मेखा', खंड पहिला आणि दुसरा. ज्यांनी हे ठेवून जागा अडवल्या त्यांनी ते टेबलावरून घेऊन जावेत. दोन्ही एकाच माणसाचे दिसतात. एका माणसाला दोन खुर्च्या! एवढा हावरेपणा बरा नव्हे."

सर्वात आधी धावत आले ते लेखक योमसाहेब, पायात शौचालयाच्या सपाता तशाच. "माझ्या पुस्तकाचं नाव घेतलं? व्यासपीठावरून?"

"हरवलंय म्हणून घेतलं," प्यो काका म्हणाले.

योमसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "हरवायला आधी कुणाकडे तरी असावं लागतं हो," ते म्हणाले. परिषदेतले खरे अश्रू मी पाहिले ते एवढेच.

मग उजवीकडून बोराम आली आणि डावीकडून सोल्ही. टेबलाच्या दोन बाजूंना दोघी थांबल्या. मध्ये आम्ही, छत्र्या आणि कवळी.

"जेवलीस का?" सोल्हीने विचारले.

"नाही. रांग आहे."

"सूप संपलं असेल."

"मुळ्याचं किमची उरलं असेल."

इतक्या वर्षांनी एवढेच. योमसाहेबांना राहवले नाही. "वाचलंत का हो?"

"मी पहिला खंड दोनदा वाचला," सोल्ही म्हणाली.

"दोनदा!"

"झोप येत नव्हती."

"मग आली?"

"दुसऱ्या खेपेला आली."

योमसाहेबांनी तिला कमरेत वाकून नमस्कार केला. बोराम मात्र तिच्याकडे एकटक बघत होती. "ताई, का येत नव्हतीस?"

सोल्ही एका छत्रीची मूठ फिरवत राहिली. "प्रार्थनेला उभी राहिले की आत काही हलतच नव्हतं. सगळे रडतायत आणि मी खिडक्या मोजतेय. आणि तुझ्या ब्लॉगवर दरवर्षी हृदय पेटतंय. म्हटलं, हिच्या शेजारी ओलं लाकूड होऊन कशाला उभं राहायचं?"

"ते मी खोटं लिहिलं."

"काय?"

"मी पंखे मोजते."

सोल्हीने छत्री खाली ठेवली. "किती आहेत?"

"दरवेळी वेगळेच भरतात."

"खिडक्याही."

"मी ते तुझ्यासाठी लिहीत होते, ताई. वाचून तू येशील म्हणून."

"अगं, वाचूनच तर आले नाही!"

बोरामने हात पुढे केला, आणि कवळीवरून सोल्हीची बाही धरली. नुसती बाही, चिमटीत. सोडली नाही.

"जेवणघर बंद होतंय," प्यो काका खाकरले. "हृदयाचं नंतर बघा."

दोघींनी आम्हाला उचलले, मधल्या रांगेत दोन रिकाम्या खुर्च्या शोधल्या, एकीवर खंड पहिला ठेवला, दुसरीवर मला. प्यो काका बघतच राहिले. "पुन्हा?"

"आलोच काका!" आणि त्या गेल्या.

दुपारची सभा सुरू झाली. सभागृह भरले. तीनदा "प्रभू!" झाले, पत्रे थरथरू लागले, चहूकडे माणसे रडत होती आणि त्यांच्या मधोमध दोन खुर्च्यांवर आम्ही दोघे होतो. सवयीने मी पंखे मोजू पाहिले. एक बाई आमच्याकडे सरकल्या, खंड पहिल्याला हात घातला. प्यो काका हातगाडी घेऊन मागेच उभे होते.

"भरलेली आहे," ते म्हणाले.

"इथं तर कुणीच नाही."

"वाटेत आहेत." काकांनी पट्टा सरळ केला. "चालत येतायत."

दोघी त्या सभेला आल्याच नाहीत. स्वयंपाकघराच्या पायऱ्यांवर बसून दोघी उरलेला मुळा खात होत्या, असे नंतर कळले. संध्याकाळी खुर्च्या मिटायला घेतल्यावर त्या आम्हाला घेऊन गेल्या. जाताना अदलाबदल झाली : खंड पहिला बोरामकडे, मी सोल्हीकडे. तिचा पहिला वाचून झाला आहे, तेव्हा आता कोणतेही तत्त्व आडवे येत नाही. "पुढच्या आठवड्यात सुरू करते," असे ती म्हणाली आहे. ते ती दर आठवड्याला म्हणते. तिच्याकडे माझ्यावर मिरच्यांच्या नूडल्सचा कप असतो, एवढाच फरक.

परवा तिने त्या कपासमोर फोन धरून बोरामचा नवा ब्लॉग मोठ्याने वाचला : 'परिषदेला गेले. सूप संपले होते. आत काही हलले नाही. शेजारी ताई होती, तिचेही हलले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहोत.' वाचून ती हसली, आणि कप कलंडून थोडे सूप माझ्या कडेवरून पानांत शिरले. आतपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच.

मित्रांनो, पुस्तके वाचा असे मी सांगणार नाही. ते सगळेच सांगतात. पण कुणी तुमच्यासाठी खुर्ची धरून बसले असेल, तर निदान त्या बाजूला एकदा बघून घ्या. माझे बाकीचे म्हणणे मी रीतसर मांडतो.

प्रति, माननीय प्रमुख, हरवलेल्या व सापडलेल्या वस्तू विभाग, उन्हाळी परिषद. विषय : दोन खुर्च्यांबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, मधल्या रांगेतील लगतच्या दोन खुर्च्या, त्यांवर कोणी बसलेले असो वा नसो, रडत असो वा पंखे मोजत असो, यापुढे कायमस्वरूपी भरलेल्या समजण्यात याव्यात. तसा फलक सभागृहात लावण्यात यावा. आपला विभाग वर्षातून तीनच दिवस उघडा असतो आणि त्या काळात टेबलावर कवळीखेरीज कोणी हजर नसते, याची अर्जदारास जाणीव आहे. तरी सदर अर्जावर सहानुभूतीपूर्वक विचार होऊन लेखी उत्तर मिळावे. उत्तर माझ्या कोणत्याही पानात ठेवले तरी चालेल. कळावे.

आपला विश्वासू,
खंड दुसरा