दादा सरकत नाहीत

रेडिओवर दादा कधीच चुकीच्या जागी नसत. जग चुकीच्या जागी असे.

रोज सकाळी हौशी रेडिओवाल्यांचं मंडळ ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमायचं. दादा मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले, आणि अख्ख्या मंडळात स्वतःच्या हाताने सेट बांधलेला एकटा माणूस. बाकीच्यांचे सेट दुकानातले, त्यांवर फ्रिक्वेन्सी आकड्यांत उजळून दिसायची. दादांच्या सेटवर एक काटा आणि दादांनीच शाईने रेघा मारलेली तबकडी. दादा बोलायला लागायचे, बोलतच राहायचे, आणि हळूहळू त्यांचा आवाज पातळ होत होत बदकाचा व्हायचा. मग ही शहाणीसुरती मंडळी, डॉक्टर, मास्तर, ठेकेदार, आपापलं बटण जरासं खाली फिरवायची. दादा पुन्हा दादा व्हायचे. थोड्या वेळाने परत बदक, परत बटण. भाषण संपेपर्यंत सगळं मंडळ बरंच खाली घसरलेलं असायचं, आणि समोरचे आकडे ते धडधडीत सांगत असायचे. पण आकडे काय, कंपनीचे. दादा आपले.

एकच बाई घसरायची नाही. दादांची धाकटी बहीण. तिचं चष्म्याचं दुकान होतं आणि सेट गल्ल्यामागे ठेवलेला असायचा.

"चिमणे, पिंपात तोंड घालून बोलतेस. वर सरकलीयेस. खाली ये."

"मी आहे तिथेच आहे, दादा. तू सरकतोस."

एवढ्यावरून मंडळाच्या चिटणिसांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दादांच्या आधी त्यांनाच झोंबायच्या, तेच तर त्यांचं पद होतं.

दुकानात रोज एक तरी गिऱ्हाईक यायचं, माझी नजर ठणठणीत आहे, हल्ली छपाईच फिकी करतात म्हणायचं. त्याच्या गळ्यात चष्मा कसा मारायचा हे तिला पाठ होतं. भावाचं काय करायचं ते कळत नव्हतं.

मंडळ गेलं खड्ड्यात, तिला फिकीर खोलीची होती. अग्निशमन केंद्राच्या माडीवरची ती खोली मंडळाला वापरायला दिलेली. पोरीच्या जातीने तापल्या हत्याराला हात लावायचा नाही असं घरात सगळे म्हणत होते, तेव्हा दादाने तिला तिथेच डाख लावायला शिकवलं होतं. आता तिथे अग्निशमनाचे नवे अधिकारी आले होते. म्हणाले, रविवारी चाचणी. डोंगरापलीकडच्या बचाव केंद्राशी अर्धा तास न तुटता बोलून दाखवा, नाहीतर खोलीत पाण्याचे पाइप ठेवतो. आणि त्या बचाव केंद्राचा सेट एकाच फ्रिक्वेन्सीला कुलूप लावलेला. त्याला फिरवायचं बटणच नाही. दादांच्या मागे घसरायची सोयच नव्हती बिचाऱ्याला.

शनिवारी सकाळचं भाषण संपता संपता ती खोलीवर पोचली. चिटणीस दादांची पाण्याची बाटली धरून उभे होते.

"दादा," ती म्हणाली, "सेट उघडून दाखव ना. कितीतरी दिवसांत पाहिला नाही."

देव्हारा उघडावा तसं दादांनी झाकण उचललं. माणूस गर्विष्ठ होता, पण समजावायला लागला की ऐकत राहावं असा.

"अँटेनातून काय येतं? जगभरचा कालवा. त्यातला एक आवाज निवडायचा कसा? तर सेट स्वतःचा एक सूर काढतो. हा या डब्यातला ऑसिलेटर. बाहेरून येणारं आणि हा सूर मिक्सरमध्ये एकत्र होतात. दोघांतला फरक तेवढा या फिल्टरच्या फटीतून पुढे जातो, बाकीची गर्दी बाहेर. त्यातून मग बोलणं वेगळं काढायचं. आपण बोलायला लागलो की हा रिले टक्कन अँटेना कानाकडून तोंडाकडे देतो, आणि सगळा प्रवास उलटा. सूर मात्र तोच."

"म्हणजे सूर हलला तर ऐकणंही हलतं आणि बोलणंही."

"हललाच तर. म्हणून तर त्याला वेगळा डबा. आतली कॉइल तापली की फुगते, सूर खाली येतो."

"आणि डब्याला चिकटून हे काय?"

डब्याच्या भिंतीला ॲल्युमिनियमचे जाडजूड पंख स्क्रूने आवळले होते.

"आवाज लांब जावा म्हणून ताकद वाढवणारा शेवटचा भाग मोठा बसवला," दादा अभिमानाने म्हणाले. "त्याची उष्णता कुठेतरी जायला हवी ना."

"कुठे जाते ते बघ. डब्यावर हात ठेव."

"मी कशाला ठेवू? डबा मी बांधलाय. मला माहीत आहे."

"दादा म्हणतात ना माहीत आहे," चिटणीस म्हणाले. त्यांनीही हात ठेवला नाही.

तिने ठेवला आणि झटकन काढला. दादा जितके बोलत तितके तापत, जितके तापत तितके खाली जात. इतका प्रामाणिक सेट तिने दुसरा पाहिला नव्हता. दादांनी झाकण लावलं.

रविवारी अधिकारी खोलीत येऊन बसले. ती दुकानातून ऐकत होती. केंद्राने हाक दिली, दादांनी उत्तर दिलं, आवाज स्वच्छ. मग दादांनी स्वागतपर दोन शब्द सुरू केले. त्यांचे दोन शब्द म्हणजे काय ते मंडळाला ठाऊक होतं. आधी आवाज पातळ झाला, मग बदक बोलू लागलं.

"काही कळत नाही," केंद्रातला माणूस म्हणाला.

"तुम्ही वर सरकलात," बदक म्हणालं. "खाली या."

त्यांच्या मागे अख्खं मंडळ खाली निघून गेलं. वर उरले केंद्र आणि चष्मेवाली.

"संपर्क तुटला असं कळवतो," केंद्र म्हणालं.

"थांबा, मी ऐकतेय." तिने बटण दाबून धरलं. "दादा, मी पिंपातून बोलतेय, मान्य. केंद्रही पिंपातूनच बोलत असेल. त्याच्या सेटला तर फिरवायचं बटणच नाही. मग आम्ही दोघं एकाच पिंपात कसे बसलो? डब्यावर हात ठेव."

बटण सोडून ती ऐकत राहिली. तिला वाटलं, गेली खोली. मग बदक परत आलं, पण या वेळी घाईने आणि हळू आवाजात.

"चिमणे, तू हलू नकोस. बोलत राहा. काहीही बोल, मी येतो."

तिला काही सुचेना. समोर भिंतीवर नजर तपासायचा तक्ता होता, तोच ती वाचत सुटली. मोठी अक्षरं, मधली, बारीक. शेवटच्या ओळीपर्यंत पोचून तिने श्वास घेतला तेव्हा कानात दादाचा खराखुरा, घोगरा आवाज होता.

"आलो. हात भाजला." मग जरा थांबून, "केंद्र, पुढचं माझी बहीण बोलेल. माझा सेट निवू दे."

उरलेला वेळ ती बोलली. खोली राहिली.

मंडळीही एकेक करून वर आली. सर्वांत शेवटी चिटणीस.

"सर्वांनी वर यावं," ते म्हणाले. "दादा वर आलेत."