मगालांगला मुक्काम

सहल आखायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेजात पर्यटन शिकलेली. तीन जोडपी, दोन दिवस, पोरंबाळं घरी ठेवून. आपल्याच पाम्पांगा प्रांतात जुनी चर्चं बघायची आणि खायचं. माझी इसाय आठ महिन्यांची. माझ्याशिवाय ती कधी झोपलेली नव्हती.

मी आखणी वाचून दाखवली. पहिल्या दिवशी बेतिसच्या चर्चचं रंगवलेलं छत, मग सांता रितात काजूची मिठाई. दुसऱ्या दिवशी बाकोलोर आणि परत बेतिस.

"परत कशाला? छत रातोरात बदलतं का?" मोठी नणंद नेनिता म्हणाली. तिला आम्ही अत्सी, म्हणजे ताई म्हणतो.

"संध्याकाळचा उजेड वेगळा पडतो, अत्सी."

"आणि मुक्काम?"

"आपापल्या घरी."

तिचा नवरा हसायला लागला. "ही तुझ्या घराभोवतीची मिरवणूक झाली. जत्रेत आपल्या संताची मूर्तीसुद्धा याहून लांब जाते."

सगळ्यांना डोंगराखालचं मगालांग हवं होतं, म्हशीच्या दुधाची मिठाई खाऊन तिथंच राहायचं होतं. शेवटी सासूबाईच, आमच्या इमाच म्हणाल्या, "शनिवारी संध्याकाळी नेनिताकडे जेवायला जा. पोरगी माझ्याजवळ झोपली तर मगालांग, नाहीतर तुमची मिरवणूक."

आमच्याकडे आई बाहेर निघाली की तिचा कपडा बाळाच्या उशाशी ठेवतात. मीही माझा घरातला झगा ठेवला. गरम पाण्यात धुऊन, इस्त्री करून.

नेनिताकडून मी फोन करत राहिले. दर वेळी मागून इसायचं रडणं. मग फोन कुणी उचलेचना. ताटावरून उठले, नवऱ्याला, देन्सियोला, हाताला धरून ट्रायसिकल-रिक्षात घातलं.

घर शांत होतं.

आत इसाय गाढ झोपली होती. तोंड माझ्या पिवळ्या टी-शर्टात खुपसलेलं. धुण्याच्या टोपलीतला, घामाच्या आणि लसूण-फोडणीच्या वासाचा. इस्त्रीचा झगा खुर्चीवर तसाच.

"इमा, फोन का नाही उचललात?"

"वाजला की उठायची. तांदळाच्या डब्यात ठेवलाय." मग त्यांनी झग्याकडे बोट केलं. "हा कुणी ठेवला? पोरगी आईला शोधत होती, तू साबण ठेवून गेलीस."

मला हसू फुटलं. मी तिथंच जमिनीवर बसले. इमांनी भाताची ताटली पुढं सरकवली. केवढी भूक लागली होती मला.

"मग दुसऱ्यांदा बेतिस?" देन्सियोनं हळूच विचारलं.

"खोडून टाक."

मगालांगला निघायच्या आधी दोन-तीन दिवस मी एकच टी-शर्ट अंगावर ठेवला.

"गाडीत माझ्या शेजारी बसू नकोस हं," अत्सी नाक दाबून म्हणाली.

"हा टी-शर्ट येत नाहीये," मी म्हटलं. "हा घरी राहणार आहे."