तोट्यांसाठी दोन ओळी

‘तुम्ही माझी मुलगी माझ्या हातातून काढून घेतलीत आणि वर त्याला सोय म्हणता,’ एवढं लिहून त्याने पूर्णविराम दिला, आणि पेनाचं टोक कागद फाडून खालच्या लाकडात रुतलं.

“अहो, फॉर्म भरताय की छिन्नी चालवताय?” शेजारी बसलेली बायको म्हणाली.

त्याने पेन उपसलं, भोक पडलेला कागद तळहाताने सपाट केला आणि पुन्हा लिहायला लागला.

फॉर्म चढाईच्या जिमचा होता. सदस्यत्वाचं नूतनीकरण. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘नव्या सदस्यत्वाबद्दल आपलं मत: फायदे आणि तोटे.’ फायद्यांचा रकाना जिमने स्वतःच भरून ठेवला होता. न जाणो, लोकांना सुचलेच नाहीत तर. जोडीदार आणायची गरज नाही. केव्हाही या, कुणासाठी खोळंबू नका. दोर सांभाळायला माणूस नको, यंत्र सांभाळेल. माणसाच्या हातून चूक होते, यंत्राच्या नाही. त्याखाली तोट्यांसाठी ओळी होत्या दोन. दोनच. त्याचं पहिलं वाक्यच त्यांत मावलं नव्हतं. त्याने कागद उलटला.

‘माझी मुलगी ऐकत नाही. म्हणजे बहिरी आहे. हट्टी आहे म्हणूनही ऐकत नाही, पण तो तुमचा प्रश्न नाही. चार वर्षं मी तिचा दोर धरतोय. तुम्ही तिथे डबा ठोकलात. तो डबा तिला काय सांगणार?’

“डबा लिहू नका,” बायको म्हणाली. “यंत्र लिहा. चांगलं दिसतं.”

“डबाच आहे.”

हॉलच्या पलीकडच्या टोकाला भिंत उभी होती. तीन मजल्यांएवढी उंच, अंगभर रंगीबेरंगी पकडी ठोकलेली. चढायच्या सहा वाटा. पाच वाटांच्या माथ्यावर करडे डबे बसले होते आणि त्यांतून सपाट पट्टे लोंबत होते. चढणारा वर गेला की पट्टा आपोआप आत ओढला जायचा, हात सुटला की डबा त्याला सावकाश खाली आणायचा. खाली कुणी उभं नसायचं. सहाव्या वाटेवर अजून जुना दोर होता. सोमवारी तोही निघणार होता.

पाल कपडे बदलायला गेली होती. हे नाव तिला आईने दिलेलं. चार वर्षांची असताना दाराच्या चौकटीला दोन्हीकडे हातपाय लावून ती माळ्यापर्यंत पोचली होती. आता सतरा वर्षांची झाली तरी घरात पालच. खुणेने तिला हाक मारायची तर हवेत पाच बोटं फाकवून पंजा भिंतीला चिकटवल्यासारखा करायचा. तेवढी एक खूण त्याला झकास जमायची.

बाकीच्या जमत नव्हत्या, हे खरं दुखणं होतं. पाल निवासी शाळेत गेली, तिथून खुणांची भाषा घेऊन आली आणि सुट्टीत आईला शिकवली. त्या दोघी अशा बोलायच्या की बघणाऱ्याचे डोळे दमावेत. त्या वर्षांत तो पाळीवर होता. ओतकामाच्या कारखान्यात साच्यातून निघालेल्या लोखंडाच्या कडा ग्राइंडरने घासून काढायच्या, बावीस वर्षं हेच काम. घरी आला की बोटं दोरखंडासारखी ताठलेली. ‘तू जेवलीस का’ असं तो खुणेने विचारायचा आणि त्या दोघी हसून लोळायच्या. त्याने म्हणे विचारलं होतं, तू म्हैस खाल्लीस का.

मग ही भिंत सापडली. इथे नियमच होता, चढणाऱ्यामागे खाली एक माणूस हवा. दोराचं एक टोक तिच्या कमरेला, दोर वर माथ्यावरून फिरून दुसरं टोक त्याच्या हातात. बाकीचे लोक खालीवर ओरडून बोलायचे. यांनी झटके ठरवले. एक झटका म्हणजे ढील दे. दोन म्हणजे आवळून धर. तीन म्हणजे खाली घे. या भाषेत दोघंही सारखेच शिकाऊ होते, आणि महिनाभरात दोघंही सारखेच पटाईत झाले. आणखी एक गोष्ट कुणी न ठरवताच आली. माथ्यावर पोचली की पाल दोराला बारीक बारीक हिसके द्यायची, पाण्यात गळ थरथरावा तसे. ते हसणं होतं. तो खालून तसेच हिसके द्यायचा. तेही हसणं होतं. बाप आणि लेक तीन मजल्यांच्या अंतरावरून हसायचे आणि आजूबाजूच्या कुणाला पत्ताही लागायचा नाही.

हे त्या दोन ओळींत कसं लिहायचं?

‘तुम्हाला वाटतं माणूस फक्त पडू नये म्हणून दोर धरतो,’ त्याने लिहिलं. ‘तुमच्यापैकी कुणाचा कधी कुणी धरला असता, तर कळलं असतं. हा निर्णय कुणी घेतला? कुणाला विचारून घेतला? मला उत्तर द्या.’

‘उत्तर द्या’खाली त्याने रेघ मारली. कागद पुन्हा फाटला.

“बटण सुटलंय,” बायको म्हणाली. तिने त्याचा हात आपल्याकडे ओढला आणि मनगटाचं बटण लावलं. गेले काही महिने ती न सांगता लावायची. तोही न बोलता हात पुढे करायचा.

काउंटरमागे मॅनेजर बसली होती. पस्तिशीची, नीटनेटकी. त्याने फॉर्म तिच्यापुढे उलटाच ठेवला.

“काका, मागच्या बाजूला लिहायचं नसतं.”

“पुढे जागा ठेवली असतीत तर लिहिलं नसतं.”

तिने वाचलं. फाटक्या जागांवरून तिची नजर अडखळत गेली.

“काका, तुमच्या भावना मी समजू शकते.”

“भावना नाहीत त्या. प्रश्न आहे. खाली रेघ मारलीय.”

“सुरक्षेसाठी केलंय सगळं.”

“चार वर्षांत माझ्या हातून काय झालं?”

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. “दोन महिन्यांपूर्वी ती पडली होती, काका. बाहेर आलेल्या कंगोऱ्याखाली. खांदा सोलवटला होता. तेव्हा तुम्हीच इथे उभं राहून ओरडला होतात, दोर जुने झालेत, बदला म्हणून. आम्ही बदलले.”

बायकोने मान वर केली.

दोर जुना नव्हता, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या थंडीत त्याची बोटं पांढरी पडायला लागली. आधी टोकं, मग पेरं. ऊन आलं तसा रंग परतला, स्पर्श परतला नाही. ग्राइंडरची थरथर वर्षानुवर्षं हातात मुरली की असं होतं. कारखान्यातल्या आणखी दोघांना झालं होतं आणि त्यांना झाडू मारायला लावलं होतं. कारखान्याच्या डॉक्टरने त्याला डोळे मिटायला सांगून विचारलं होतं, कोणत्या बोटाला हात लावतोय? त्याने आपलं ठोकून दिलं, मधलं. नेमकं बरोबर आलं. डॉक्टरने शिक्का मारला.

भिंतीपाशीही तो ठोकूनच देत होता. दोराचा झटका हातात येत नव्हता, पण झटका देताना पालीचं कोपर बाहेर यायचं. तो कोपर वाचायचा. एकदा बाहेर म्हणजे ढील. दोनदा म्हणजे आवळ. आठ महिने डोळ्यांत तेल घालून त्याने तिचं कोपर वाचलं होतं, मान अवघडली तरी नजर हलवली नव्हती. फक्त त्या एका दिवशी ती कंगोऱ्याखाली गेली आणि कोपर दिसेना. तिने आवळ म्हणून सांगितलं. त्याने ढील दिली.

“तेवढ्यावर पाच यंत्रं कुणी बसवत नाही,” तो म्हणाला. आवाज चढवायचा होता, चढला नाही. “कुणीतरी माझ्याविरुद्ध बोललंय. इथे रोज येणारा तो उंच टोणगा असेल, नाहीतर ती चष्मेवाली. नाव सांगा.”

“नाव नाही सांगता येणार.”

“म्हणजे आहे कुणीतरी.”

“काका, आवाज नको.”

‘काका’ म्हटलं की माणूस विझतो, असं तिला शिकवलं असावं. त्याने दोन्ही मुठी काउंटरवर ठेवल्या. “मी इथून हलणार नाही. तुमची सगळी यंत्रं घ्या आणि मला इथून खाली सोडून दाखवा.”

रांगेतलं कुणीतरी हसलं. मॅनेजरने एक फाइल उघडली, एक कागद काढला, वरचा आणि खालचा भाग हातांनी झाकला आणि मधलं तेवढं त्याच्यासमोर धरलं. “हे वाचा. म्हणजे कळेल की कुणी तुमच्याविरुद्ध नाही बोललेलं.”

‘...दोर धरणाऱ्याला वरून दिलेलं काही पोचत नाही. मी सहा वेळा तपासलं. त्याला सांगू नका. यंत्र बसवा, म्हणजे त्याला वाटेल की सगळ्यांसाठीच...’

त्याने शब्द वाचले ते नंतर. आधी अक्षर दिसलं. पानभर शिरोरेषा आधी आखून घेतलेल्या, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, आणि मग त्यांना एकेक अक्षर लटकवलेलं. असं लिहिणारं माणूस त्याने आयुष्यात एकच पाहिलं होतं. घरच्या टेबलावर, जीभ दातांत धरून.

“कळलं?” मॅनेजरने विचारलं. तिचा आवाज खरोखरच मऊ झाला होता.

तो वळला. बायको बाकावरून उठली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पिशवीचे बंद नीट करत राहिली.

“तुला माहीत होतं?”

“पत्राचं नाही. पाल मला म्हणायची, बाबा हल्ली माझ्याशी हसत नाही. मी म्हटलं, कामाचा ताण असेल. बारीकसारीक हिसक्यांचं मला काय कळतं? ते तुमचं तुमचं होतं.”

माथ्यावरचं हसणं. त्यासाठी कोपर हलवावं लागत नव्हतं. नुसती बोटं पुरायची.

ती वर तिथे लोंबकळत, दोराला हिसके देत, वाट पाहत राहिली असणार. एकदा नाही, सहा वेळा. आणि खाली तो मान वर करून, जबाबदार बापासारखा, कोपराकडे बघत उभा.

पाल कपडे बदलून आली. हार्नेस चढवलेला, केस घट्ट बांधलेले. तिने बापाचा चेहरा पाहिला, काउंटरवरचा कागद पाहिला, आणि जागीच थांबली. आईने भराभर हातांनी काहीतरी सांगितलं. पाल हललीसुद्धा नाही. मग ती सरळ पुढे आली, त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत सहाव्या वाटेपाशी घेऊन गेली.

तिने दोराचं एक टोक त्याच्या उजव्या हातात दिलं आणि त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटवली. दुसरं टोक स्वतः घेतलं. मग त्याला कळेल अशा, लहान मुलाशी बोलावं तशा सावकाश खुणा केल्या. मी ओढणार. तू मोजायचं. आणि त्याचे खांदे धरून त्याला भिंतीकडे पाठ करून उभं केलं.

समोर खिडकी होती. काचेत तिचं प्रतिबिंब दिसेल म्हणून त्याने पाहिलं. बाहेर रणरणतं ऊन होतं. काचेत दिसला तो फक्त रस्ता, आणि पाइपने गाडी धूत असलेला माणूस. वर माथ्यावर दोर घासल्याचा आवाज येतो का, म्हणून त्याने कान दिला. जिममध्ये गाणी लावली होती. त्याने बायकोकडे पाहिलं. ती पिशवी छातीशी धरून स्वतःच्या चपला बघत होती.

त्याने मूठ आवळली. इतकी की मनगटाची शीर तटतटली आणि लावलेलं बटण पुन्हा सुटलं. मुठीत दोर आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं. बस.

तिने ओढला असेल? आत्ता? की आत्ता? दोन सांगावं. दोन बहुधा चुकत नाही. की अजून तिने ओढलाच नसेल, आणि ती मागे नुसती उभी असेल? डॉक्टरपुढे मधलं बोट बरोबर आलं होतं.

त्याने डावा हात वर केला. दोन बोटं निघायला लागली, मग तिसरंही सुटलं, मग त्याने सगळीच मिटून घेतली.

पाल वळसा घालून समोर आली. तिच्या हातात दोर होता आणि तिचे डोळे लाल झाले होते. तिने खूण केली नाही. गेल्या सहा वर्षांत चारचौघांत तिने आवाज काढला नव्हता. लोक वळून बघतात म्हणून ती आवाज घरीच ठेवायची. आता तिने तोंड उघडलं. घशातून, खरखरीत, कमीजास्त उंचीचा तो आवाज हॉलभर गेला. लोक वळले. भिंतीवरचा एकजण चढता चढता थांबला आणि त्याचा पट्टा डब्यात सरकत राहिला.

“कि-ती?”

त्याने मान हलवली.

तिने त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला, आपले ओठ त्याला नीट दिसतील असा, जसा तो लहानपणी तिचा करायचा.

“बाबा. उत्-तर दे. कि-ती?”