करिष्मानं काढलेला राखाडी डोळा

सेक्टर सहाच्या हॉलमध्ये भरलेल्या चित्रप्रदर्शनात भय्याजी स्वतःच्याच तोंडासमोर घाम पुसत उभे होते. लेकीनं, करिष्मानं, त्यांचं चित्र काढलं होतं आणि त्यात बापाची पार दशा करून टाकली होती. मान डावीकडे मुरगळलेली, उजवा डोळा केवढा थोरला, त्या बाजूचा गाल भट्टीसारखा नारिंगी. डावी बाजू मात्र सगळी राखाडी, डोळ्यासकट.

"हा डोळा कावून असा केला, पोरी?" त्यांनी सकाळीच विचारलं होतं.

"तुमी समोर बसले तवा असेच दिसले मले, बाबा."

भय्याजी एका खासगी फाउंड्रीत क्रेन चालवत. वितळलेल्या लोखंडाची बादली माणसांच्या डोक्यावरून न्यायचं काम. डावा डोळा सहा महिन्यांपूर्वीच गेला होता, पण हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. निवृत्तीला वर्ष उरलेलं; झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ आता लेकीनंच भिंतीवर टांगली होती.

एक प्राध्यापक आले. नारिंगी म्हणजे श्रम आणि राखाडी म्हणजे श्रमिकाचं हरवलेलं बालपण, असं म्हणून पुढे गेले. भय्याजींना हायसं वाटलं. शिकलेल्या माणसांचा असाही उपयोग होतो! चोराच्या मनात चांदणं, तसं आपलं झालंय, असं स्वतःला समजावत असतानाच फकिरा आला.

फकिरा म्हणजे क्रेनखाली उभा राहून हातानं इशारे देणारा गडी. वीस वर्षांची जोडी. त्यानं चित्र पाहिलं, भय्याजींना पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं. मग तो सरकून त्यांच्या डाव्या बाजूला गेला. भय्याजी चित्राकडेच बघत राहिले.

"बाबा," शेजारी उभी करिष्मा म्हणाली, "फकिराकाका कवाचे हात दाखवून राहिले तुमाले."

भय्याजींनी मान वळवली, अगदी चित्रातल्यासारखी. फकिराचा उघडा पंजा त्यांच्या कानापाशी होता. थांबा, असा इशारा.

"मंगळवारी असाच हात केलता मी," फकिरा हळूच म्हणाला. "तरी बादली आली माह्या डोक्यावरून. मले वाटलं, तुमी घाईत असान."

एवढी लाज भय्याजींना जन्मात वाटली नव्हती.

"उद्यापासून तू खाली उभा नोको राहू, फकिरा."

"मंग कोन उभं राहीन, भय्याजी?"

भय्याजींनी खिशातून फोन काढून फाउंड्रीच्या साहेबांना लावला. "साहब, कल से क्रेन पर दूसरा आदमी चढ़ाइए. मेरी बाईं आँख छह महीने से बंद है."

करिष्मानं तोंडावर हात ठेवला. फकिराचा हात तेव्हा कुठे खाली आला.