शेळीच्या गळ्याची बरणी

मित्रांनो, माझ्या पोटात शेळीचा गळा आहे म्हणून दचकू नका. मी एक जुनी काचेची बरणी आहे. औंढा नागनाथला जनावरांच्या एका दवाखान्यात, खिडकीजवळच्या फळीवर मी असते. गळा म्हणजे श्वासनलिकेचा वीतभर तुकडा आणि त्याला दोन्ही अंगांनी बिलगलेली थायरॉईड, म्हणजे अवटू ग्रंथी.

मला घडवलं कारखान्यानं, पण कामाला लावलं मोहियोद्दीन सरांनी. ते हिंगोलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. शेळीचा आणि म्हशीचा गळा त्यांनी खाटकाकडून मागून आणला. घोड्याचा आणि कुत्र्याचा आधीच मेलेल्या जनावरांतून मिळवला. प्रत्येक गळा साफ करून एकेका बरणीत औषधी पाण्यात ठेवला. अशा आम्ही चौघी बहिणी झालो.

सर आम्हाला ओळीनं मांडत आणि पोरांना जवळ बोलावत. "बघा, काम सगळ्यांचं एकच. अंगातली ऊब राखायची, वाढ बराबर करायची. पण घडण बघा!" म्हशीच्या ग्रंथीचे दोन पसरट भाग मांसल पुलानं जोडलेले. घोड्याच्या दोन गाठी टपोऱ्या आवळ्यांसारख्या, मधला पूल दोऱ्याएवढा. कुत्र्याच्या दोन्ही गाठी सुट्या, पुलाचा पत्ताच नाही. आणि माझ्या शेळीच्या? लांबट, सडपातळ, खारकेच्या बीसारख्या. मधला धागा इतका नाजूक, की तो तुटू न देता साफ करताना सरांनी श्वास रोखला होता. त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

रेवती नावाची मुलगी मला हातात घेऊन तासभर बसे. सर तिला म्हणत, "किताबातलं चित्र एकच असतंय बेटा. जनावरं बहुत असतात."

पुढे कॉलेजातली चिरफाड बंद झाली. संगणकाच्या पडद्यावर रंगीत गळे फिरू लागले. आमची रवानगी मागच्या खोलीत झाली. माझं पाणी चहासारखं झालं, चिठ्ठी गळून पडली, घोड्याची बहीण तर तडकलीच. सर निवृत्त झाले तेव्हा रेवती जनावरांची डॉक्टर झाली होती. ती आली आणि उरलेल्या तिघींना गोणपाटात गुंडाळून औंढ्याला घेऊन गेली.

एका सकाळी तांड्यावरची जिवनबाई पदराखाली पाठ घेऊन दवाखान्यात शिरली. पाठ म्हणजे शेळीचं मादी पिल्लू. तिच्या गळ्याखाली लिंबाएवढी सूज होती. मागून जिवनबाईचा दीर पेमा आला.

"डागदरबाई, गलगंड हाय," पेमा म्हणाला. "दुसऱ्या पाठीलाबी येऊन राहिलाय. समद्या कळपात पसरायच्या आत मायसकट बाळापूरच्या बाजारात नेतो. तिथं खाटीक घेतंय."

"न्हाई!" जिवनबाईनं पिल्लू छातीशी धरलं. "लेकरावानी वाढवलंय मी."

रेवतीनं सूज पाहिली. तिलाही गलगंडच, म्हणजे थायरॉईड सुजल्याचं वाटलं. आयोडीनची बाटली काढून तिनं झाकण उघडलंसुद्धा.

"हे औषध काहून, बाई? जल्मली तवा तर गळा साफ व्हता," जिवनबाई म्हणाली.

रेवतीचा हात थांबला. तिनं मला फळीवरून उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि माझ्या आतल्या ग्रंथीची जागा नीट न्याहाळली. मग पिल्लाच्या गळ्यावरून सावकाश बोटं फिरवली. माझ्यातल्या गाठी घट्ट आणि श्वासनलिकेला चिकटलेल्या. ही सूज मात्र लुसलुशीत होती, बोटाखाली सरकत होती, नलिका सोडून बाजूला पसरली होती. पिल्लू गुबगुबीत, केस तुकतुकीत, आणि रेवतीची ओढणी चावण्यात दंग.

रेवतीनं आयोडीनचं झाकण लावलं. "हा गलगंड नव्हे. गलगंडाचं पिल्लू बहुतेक जन्मतःच मलूल असतं, अंगावर केस विरळ असतात. ही थायमसची सूज आहे. ती गळ्याखालचीच, पण वेगळी ग्रंथी. भरपूर दूध पिणाऱ्या पिल्लांना अशी येते आणि मोठी झाली की जाते. औषध नको, आणि खाटीकही नको."

"व्हय? आन् न्हाई गेली तर?" पेमानं विचारलं.

"दोन्ही पाठींना दर आठवड्याला घेऊन या. मी बघते."

जिवनबाईनं एकही आठवडा चुकवला नाही. दोन्ही पिल्लं वाढली, सूज ओसरत गेली, आणि एके दिवशी रेवतीच्या बोटांना तिथं काहीच लागलं नाही. त्या दिवशी पेमाही सोबत आला होता. त्यानं स्वतः दोन्ही पाठींच्या गळ्यावरून हात फिरवला आणि हसून म्हणाला, "समदा गळा साफ हाय की! आता ह्या कुनाला द्यायच्या न्हाईत."

त्याच संध्याकाळी रेवतीनं माझं पाणी बदललं, काच पुसली आणि ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी लावली, 'शेळी'. आता शाळेची पोरं येतात, नाक दाबतात, आणि मग माझ्यावर वाकून बघत राहतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटातही माझ्यासारखी एखादी धुळकट बरणी असेल. तिला भंगारात टाकू नका. गुरुजींना सांगून तिचं औषधी पाणी बदलून घ्या, झाकण घट्ट बसवून घ्या, चिठ्ठी नवी लिहा. आणि मग तिला उजेडात धरा. एरवी आम्हाला बोलता येत नाही, पण उजेडात धरलंत तर आम्ही काहीच लपवत नाही.